बायकोचे कान

२ जानेवारी

ही वही मी स्वतःसाठी लिहीत नाही. तेवढा वेळही नाही आणि स्वतःबद्दल फारसं कुतूहलही नाही. ही वही बायकोच्या कानांसाठी आहे.

गेले काही महिने तिला कमी ऐकू येतंय. मी काही बोललो की “काय?”, पुन्हा बोललो की “काय म्हणालात?” आणि त्यानंतर मी बोलतच नाही. कान दाखवून ये म्हटलं तर हसण्यावारी नेते. म्हणून ठरवलं, सगळं तारीखवार लिहून ठेवायचं. डॉक्टरांपुढे पुरावा टाकला की काम सोपं.

माझ्याबद्दल एवढंच लिहितो की मी घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारतो. लोक मला ‘मामा’ म्हणतात. बाजाराच्या एका टोकाला कांदे आणि दुसऱ्या टोकाला कोबी. मधे उभं राहून पुकारलं की दोन्हीकडे ऐकू जातं अशी माझी ख्याती आहे. असा माणूस घरात बोलतो आणि बायकोला ऐकू येत नाही, तर दोष कुणाचा हे ठरवायला पंच बसवायला नकोत.

६ जानेवारी

सकाळी ती ओट्याशी उभी होती. मी मागून म्हटलं, “चहा टाक.” तिनं पाण्याचा ग्लास आणून दिला. सगळा अंदाजपंचे कारभार.

आणखी एक. हल्ली मी बोलायला लागलो की हातातलं काम टाकून ही माझ्या अगदी समोर येऊन बसते आणि तोंडाकडे टक लावून बघते. लग्नाच्या वेळीही इतकं बघितलं नव्हतं. पंखा बंद करते, रेडिओ बंद करते. ओठ वाचत असणार. मला वाईट वाटलं. कबूल करत नाही, पण आतून घाबरलेली आहे बिचारी.

१२ जानेवारी

डोळेही अधू झालेले दिसतात.

जेवताना हिनं वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. मास्तर एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात बायकोची घालून बसस्टॉपपर्यंत गेले, आणि तिथं उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, “हल्ली चपला फार चावऱ्या निघतात.” हे सांगताना ती मास्तरांसारखी मानही हलवते. या बाईनं आजवर हसवून हसवून माझं कित्येकदा जेवण थंड केलंय. मी पोटभर हसलो. तर ही एकदम थांबली आणि म्हणाली, “रागावलात का?”

“अगं, हसतोय ना मी!”

“बरं,” म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. आत बराच वेळ नळ चालू होता.

समोर बसलेला नवरा हसतोय की रागावलाय हे दिसत नसेल, तर काय म्हणायचं? डॉक्टरांना सांगायचं: कान आणि डोळे, दोन्ही.

१४ जानेवारी

मुलगी आली होती. मी तिला काय काय आणायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं, तर म्हणते, “बाबा, हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग?” पेनातच खोट आहे. ओळ सुरू होते तेव्हा ठीक असतं, शेवटाला जाईपर्यंत बारीक होत जातं. नवीन पेन आणलं पाहिजे.

दुपारी दूध करपलं. मी शेजारीच बसलो होतो. दोघी धावत आल्या, “एवढा वास सुटलाय आणि तुम्ही नुसते बसलात!” मला तर कसलाच वास आला नाही. बायकांना भलतेच वास येतात.

२० जानेवारी

आज बाजारात तमाशा झाला. वांग्यांचा ढीग मी लिंबूवाल्याला दिला. लिंबूवाला म्हणजे पूर्वी लिंबं विकायचा, आता सगळंच घेतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मी स्पष्ट पुकारलं. तरी मागच्या रांगेतली हॉटेलवाली बाई म्हणायला लागली की ढीग तिचा, तिच्यानंतर काही पुकारलंच नाही. दोघं एकाच ढिगाला दोन्हीकडून धरून उभे. वांगी घरंगळली, माणसं घसरली, मग आईबाप निघाले. शेवटी बाजारप्रमुख आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, “मामा, उद्यापासून माईक घ्या.”

माईक! तो घ्यायचा ‘भोंग्या’नं. भोंगा म्हणजे पलीकडच्या लिलावाच्या ओट्यावरचा नवा पुकारणारा. मीच त्याला शिकवलं, आणि आता तो गळ्यात माईक अडकवून नाचतो. कानामागून आला आणि तिखट झाला. मी बाजारप्रमुखांना म्हटलं, “माईक मला नको, त्यांना कान द्या.” ते म्हणाले, “काय म्हणालात?”

हिच्या कानांची साथ बाजारातही पसरलेली दिसते.

२८ जानेवारी

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

आमच्या बाजारात खरेदीदार तोंडानं बोली लावत नाहीत. लोखंडी कठड्यावर हात ठेवून उभे राहतात. अंगठा हलला की बोली वाढली. शेजारच्याला पत्ता लागू नये म्हणून ही जुनी रीत आहे. पुकारणाऱ्याची नजर तेवढी घारीची हवी.

आज माझ्या ओट्यावरचा माल लवकर संपला, म्हणून भोंग्याचा लिलाव बघायला कठड्याशी उभा राहिलो. डावा हात सहज कठड्यावर टेकला होता. भोंगा पुकारतोय, भाव चढतोय, मुळ्यांना एवढा कोण गिऱ्हाईक म्हणून मी इकडेतिकडे बघतोय. इतक्यात भोंगा ओरडला, “दिले! मामांना दिले!”

मुळ्यांचा अख्खा ढीग. माझ्या नावावर.

मी म्हटलं, “आंधळा आहेस का? मी हललोसुद्धा नाही.” तो माझ्या हाताकडे बघत राहिला, मग खाली मान घालून म्हणाला, “चुकलंच मामा माझं.” लिंबूवाला हसला नाही. एरवी असल्या संधीवर तो जगतो.

हातगाडीभर मुळे घरी आणले. हिनं एका शब्दानं विचारलं नाही. सगळ्या इमारतीत मुळे वाटून आली.

४ फेब्रुवारी

मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हीच जरा मोठ्यानं बोला ना.”

तिला माहीत नाही म्हणून लिहून ठेवतो. माझे वडीलही लिलाव पुकारायचे. ते बाजारातला आवाज तसाच घरी आणायचे. मीठ कमी पडलं, दार उघडायला उशीर झाला, की आवाज चढायचा. हात त्यांनी कधी उगारला नाही. गरजच नव्हती. आई खांदे आत घेऊन लहान व्हायची, चांगली धिप्पाड बाई दाराआड मावेल एवढी व्हायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठा आवाज उंबऱ्याबाहेर ठेवायचा. बायकोवर मी आजवर एकदाही ओरडलेलो नाही. माझ्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच आहे.

ती बहिरी झाली म्हणून आता म्हातारपणी ओरडू? त्यापेक्षा न बोललेलं बरं.

९ फेब्रुवारी

बोलत नाही. खुणा करतो. तीही खुणा करते. पाहुणा आला तर त्याला वाटेल दोघं मुके आहेत.

१५ फेब्रुवारी

तयार झाली एकदाची! म्हणाली, “येते मी कान दाखवायला. पण माझी अट आहे. तुम्ही माझ्याबरोबर आत यायचं. बाहेर पेपर वाचत बसायचं नाही.” मी म्हटलं, कबूल.

संध्याकाळी ती मुलीशी फोनवर बोलत होती, अगदी कुजबुजत. आणि तिकडचं सगळं तिला ऐकू येत होतं. फोन चांगला असावा.

१८ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. मी वही काढली तर म्हणाल्या, “काका, वही नंतर, आधी तपासणी.” हिला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ही दाबतच सुटली. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. “काकूंचे कान उत्तम आहेत. मला हेवा वाटावा इतके.”

मी म्हटलं, पुन्हा तपासा.

“तपासू. आधी तुम्ही काहीतरी बोला. घरी बोलता तसं.” त्यांनी आवाज मोजायचं एक छोटं यंत्र टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, घरचं कशाला, बाजारातलंच ऐका. आणि पुकारलं, “चला, टोमॅटो, ताजा माल, एक नंबर!” आकडा जेमतेम हलला. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी नुसतं विचारलं, “काका, चहा घेणार?” आणि आकडा टुणकन वर गेला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मला त्या क्षणी कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ही जमिनीकडे बघत होती.

मग भलतंच सुरू झालं. दारापर्यंत चालून या. चाललो. ही म्हणाली, “डावा हात हलत नाही चालताना. सहा-आठ महिने झाले.” अंगठा आणि बोट आपटून दाखवा. उजवा हात झकास. डावा आधी नीट, मग बारीक बारीक, मग अडकलाच. मी डोळ्यांनी बघत होतो आणि तो माझं ऐकत नव्हता. वास येतो का? झोपेत हातपाय झाडतात का?

“झाडतात,” ही म्हणाली. “लिलाव पुकारतात झोपेत. आणि खणखणीत, अगदी पूर्वीसारखं. खरं म्हणजे जागं करायला हवं. पण तेवढाच जुना आवाज कानावर पडतो, म्हणून मी पडून ऐकते.”

डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. वही त्यांनी मागितली नाही. मीही दिली नाही.

रिक्षात मी विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“काहीतरी होतंय हे कळत होतं. काय ते नव्हतं कळत.”

“मग माझं कानांचं खूळ ऐकून का घेतलंस?”

“स्वतःसाठी डॉक्टरांकडे आला असतात तुम्ही?” मग म्हणाली, “आणि मधूनमधून मलाही वाटायचं हो, खरंच बहिरी झाले की काय.”

हे मला फार लागलं. मी धडधडीत ऐकू येणाऱ्या बाईला बहिरी ठरवत होतो, आणि ती तेही मानायला निघाली होती.

२६ फेब्रुवारी

पार्किन्सन.

मला वाटायचं, हा हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांचा आजार. माझा कुठं थरथरतो? मग मुळे आठवले.

मेंदूचे डॉक्टर शांत माणूस. ते म्हणाले, यासाठी रक्ताची अमुक एक तपासणी नसते. माणूस बघून, हालचाल बघून, औषधाला कशी दाद देतो ते बघून ठरवायचं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून सगळंच लहान आणि सावकाश होतं. पाऊल लहान, अक्षर लहान, आवाज लहान. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. माणूस आतून हसत असतो आणि बाहेर काही दिसत नाही.

तेव्हा मला मास्तरांच्या चपलेची गोष्ट आठवली. मी हिच्याकडे बघितलं. तिलाही तीच आठवली असणार, कारण तिनं पदर डोळ्यांना लावला. ती इतके महिने या घरात एका रागावलेल्या माणसासमोर बसून जेवत होती, आणि तो माणूस रागावलेला नव्हताच.

बरा होणार का, विचारलं. म्हणाले, मुळापासून जाणार नाही. पण गोळ्यांनी खूप फरक पडतो, व्यायामानं पडतो, आणि प्रत्येकाचा आजार ज्याच्या त्याच्या चालीनं चालतो. “उद्याच सगळं संपणार असं समजून घरी जाऊ नका.”

मी नेमकं तेच समजून घरी आलो.

३ मार्च

कुणाशी बोलावंसं वाटत नाही. मुलगी फोनवर रडली. भोंगा येऊन गेला, मी झोपल्याचं सोंग केलं.

१६ मार्च

गोळ्या वेळच्या वेळी. जेवणाच्या आधी, दुधाबरोबर नाही, हिनं सगळं पाठ केलंय. गजर झाला की माझ्याआधी ही उठते. सुरुवातीला मळमळलं. आता डावा हात जरा ताब्यात आलाय. शर्टाची बटणं कधी लागतात, कधी नाही.

काल ही मास्तरांची नवी गोष्ट सांगत होती. मी हसायला लागलो आणि लगेच सांगून टाकलं, “हसतोय बरं का.” ती म्हणाली, “कळलं. आतून येतंय ते दिसतंय मला.” चेहरा तोच असेल माझा. तीच आता वेगळं बघायला शिकली.

२४ मार्च

आवाजासाठी एका बाईंकडे जातो. बाई हडकुळ्या, पण शिस्त पलटणीची. लांबलचक ‘आ’ म्हणायचा, मग वाक्यं. “मोठ्यानं! अजून मोठ्यानं!” मी म्हटलं, “बाई, मी ओरडतोय. शेजारी येतील.” त्यांनी माझं बोलणं टेप करून ऐकवलं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो होतो, आणि टेपमधे एक सभ्य गृहस्थ शांतपणे बोलत होता.

“हा माणूस ओरडतोय?” त्यांनी विचारलं.

“नाही. बरा वाटतोय.”

“तुमच्या आतल्या तराजूचा काटा चुकतोय, काका. तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल तेव्हा लोकांना बोलल्यासारखं ऐकू येईल. काट्यावर विश्वास ठेवू नका, आमच्या कानांवर ठेवा.”

खोटा काटा म्हणजे काय ते बाजारवाल्याला शिकवावं लागत नाही. मला लगेच पटलं. पण त्यांनी घरचा अभ्यास दिला, तिथं गाडं अडलं. रोज एकदा, दुसऱ्या खोलीत बसलेल्या बायकोशी बोलायचं. तिनं उठून जवळ यायचं नाही.

म्हणजे मला हिच्यावर ओरडायचंय. जगाला ते ओरडणं वाटणार नाही, पण माझ्या छातीत, माझ्या घशात तो वडिलांचाच आवाज असणार आहे.

५ एप्रिल

आज बाजारात गेलो आणि ओट्यावर चढून सांगून टाकलं. पार्किन्सन झालाय, डावा अंगठा माझ्या हुकमात नाही, आवाज कमावतोय. ओटा भोंग्यानं चालवावा, मी शेजारी उभा राहून माल पारखीन. पोरगा माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, “मुळ्यांचं अजून विसरलेलो नाही.”

मग लिंबूवाला पुढे आला. म्हणाला, आजपासून अंगठ्याची बोली बंद. ज्याला बोली लावायची त्यानं हात खांद्याच्या वर करायचा. “मामांनी कठड्यावर हात टेकून कुठंही उभं राहावं. कुणी त्यांना मुळे विकायचे नाहीत.” सगळे कुरकुरले. आपली बोली शेजाऱ्याला दिसणार, या दुःखानं हॉटेलवाली बाई तर तासभर पुटपुटत होती. पण हात वर करूनच पुटपुटत होती.

घरी येऊन हिला सांगितलं, तिच्या समोर बसून, हळू. ती कान देऊन ऐकत होती, मान पुढे काढून. शेवटी म्हणाली, “बाजाराला ऐकू गेलं ना सगळं? मला अर्धंच कळलं.”

१२ एप्रिल

सगळं अजून ताजं आहे, तोवर लिहितो.

सकाळी आतल्या खोलीत शर्ट घालत होतो. वरचं बटण काही केल्या लागेना. बोटं बटणाशी पोचायची आणि थांबायची. सकाळच्या गोळीचा गुण अजून यायचा होता, मला कारण ठाऊक होतं, तरी आरशात बघितलं आणि धीर सुटला. आज बटण, उद्या घास, परवा काय? ही बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. तिला हाक मारावी असं वाटत होतं.

मग मी श्वास भरला, बाईंनी शिकवलाय तसा, पोटापर्यंत. आणि ओरडलो.

“मला भीती वाटतेय!”

माझ्या डोक्यात असा दणका झाला की खिडक्या हादरल्या असं वाटलं. तो वडिलांचाच आवाज होता, शंका नको. मी तसाच दारात आलो आणि घाबरून हिच्या खांद्यांकडे बघत राहिलो. आत ओढले जातील, लहान होतील.

खांदे जागच्या जागी होते. तिनं तांदळातून एक खडा काढला, बाजूला टाकला.

“मलाही वाटते,” ती म्हणाली. “या इकडे. कशाची वाटतेय?”

मी तिच्यासमोर खाली बसलो. ती बटण लावत होती आणि मी तिला सगळं सांगितलं: घास तोंडापर्यंत नेता येईल का याची, तुला माझा चेहरा पुन्हा वाचता येईनासा होईल याची, तू माझ्याआधी थकशील याची. एकेक वाक्य छाती फोडून काढत होतो, नरड्याच्या शिरा ताणून, घामाघूम होऊन. मधेच तीही तिचं सांगायची. बाहेरच्या जिन्यावरून कुणी गेलं असतं तर त्याला वाटलं असतं, सकाळच्या वेळी नवराबायको नुसत्या गप्पा मारत बसलेत.